वाचकांचे प्रश्न : भिंतीतली जुनी केबल, गच्चीवरची नवी डिश

केबलवाल्याची जोडणी सोडून डिश घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांना विचारायचंय एकच, घरात आधीपासून असलेली केबल वापरता येईल का. पण प्रत्येकाची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून उत्तरंही वेगळी.

प्रश्न : आमची इमारत १९९६ची, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बिल्डरने त्याच वेळी भिंतीतून कन्सील्ड केबल टाकून दिली होती. दाराजवळच्या डक्टमधून ती हॉलमध्ये टीव्हीच्या जागेपर्यंत जाते. डिश बसवायला आलेला मुलगा म्हणाला, “ही जुनी केबल डिशला चालत नाही, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून नवी आत घेऊ.” हॉलला नुकताच रंग दिलाय. खरंच चालत नाही का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : त्याला सरसकट नाही म्हणणं सोयीचं असतं, कारण खिडकीतून नवी केबल घ्यायला वीस मिनिटं लागतात आणि जुनी तपासायला तास जातो. तुमच्याकडे तेवढा वेळ आणि साधा मल्टीमीटर असेल तर भोक पाडू देऊ नका.

आधी केबल कोणती आहे ते पाहा. टोकाजवळच्या आवरणावर आरजी-६ किंवा आरजी-५९ असं छापलेलं असतं. छपाई पुसली असेल तर जाडी मोजा. आरजी-६ साधारण ७ मिलिमीटर जाड असते आणि तिची मधली तार १ मिलिमीटरची. आरजी-५९ सहा मिलिमीटरच्या आसपास, तिची तार ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. १९९६च्या इमारतीत आरजी-५९ निघण्याची शक्यता जास्त. तारेला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा आहे असं समजा. हा दोष नाही. इतक्या उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्याला तांब्याचा पातळ थर पुरतो.

आता तो मुलगा जे म्हणाला त्यात तथ्य किती? केबल टीव्हीचा सिग्नल जास्तीत जास्त ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. डिशवरची एलएनबी (दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा डबा) मात्र खाली ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ पाठवते, आणि वारंवारता वाढली की केबलमधली घट वाढते. २१५० मेगाहर्ट्झला चांगल्या आरजी-६मध्ये १०० मीटरला साधारण ३२-३३ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक) जातात, आरजी-५९मध्ये ४०-४१. तुमची भिंतीतली केबल फार तर १८ मीटर असेल. म्हणजे आरजी-६ असती तर सहाएक डेसिबल गेले असते, आरजी-५९मध्ये साडेसात जातील. फरक दीड डेसिबलचा. एलएनबी स्वतःच सिग्नल ५० ते ६० डेसिबलने वाढवून पाठवते, तिथे दीड डेसिबल कुणाच्या खिजगणतीत नसतात. जुन्या केबलचा त्रास होतो तो तिच्या टोकांमुळे, मधल्या जोडांमुळे आणि सॉकेटच्या डब्यात दडलेल्या भागांमुळे. तपासायचं ते हेच.

दोन्ही टोकं मोकळी करा. हॉलमधलं टीव्हीचं सॉकेट प्लेटसकट बाहेर काढा, डक्टकडचं टोक केबलवाल्याच्या लाइनपासून सोडवा. (डक्टमधली उभी लाइन त्याची असते, तिला न विचारता कात्री लावू नका. काही जुन्या लाइनींवर ॲम्प्लिफायरसाठी वीजही सोडलेली असते.) मल्टीमीटर आधी एसी व्होल्टवर, मग डीसीवर ठेवून मधली तार आणि तिच्या फोमभोवती विणलेली धातूची जाळी यांत काही दाखवतो का पाहा. शून्यच यायला हवं. काही आलं तर केबल अजून कुठेतरी जोडलेली आहे.

मग मीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर. दोन्ही टोकं उघडी असताना तार आणि जाळी यांत काहीच रीडिंग नको. काही शे किलोओहम दिसले तर आत ओल आहे, आणि अगदी शून्याजवळ आलं तर कुठेतरी खिळा गेलाय किंवा जाळीचा केस तारेला टेकलाय.

पुढची चाचणी सगळ्यात कामाची. एका टोकाला तार आणि जाळी एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला सर्वांत लहान ओहम रेंजवर मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा (बहुधा ०.३ ते ०.५) वजा करायला विसरू नका. पोलादी गाभ्याच्या आरजी-६चा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला १२-१३ ओहम असतो, आरजी-५९चा १९-२०. म्हणजे १८ मीटरला अनुक्रमे सव्वादोन आणि साडेतीन ओहमच्या आसपास. गाभा शुद्ध तांब्याचा असेल तर आकडा याहून बराच कमी येईल. याच्या दुप्पट-तिप्पट आला, किंवा टोक हलवलं की आकडा नाचू लागला, तर मध्ये कुठेतरी जोड आहे आणि तो गंजला आहे. भिंतीवर कोरा चौकोनी डबा दिसतो का शोधा, जोड बहुधा त्यात सापडतो.

या चाचण्यांत पास झाली की केबल ठीक. पण हॉलचं सॉकेट परत लावू नका. जुन्या सॉकेटमध्ये, विशेषतः एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लाइन पुढे नेणाऱ्या लूपिंगच्या सॉकेटमध्ये, आत कपॅसिटर आणि रोध असतात. केबल टीव्हीला ते चालायचं. डिशला मात्र चालत नाही, कारण सेट टॉप बॉक्स याच केबलमधून वर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि कपॅसिटर डीसी अडवतो. एलएनबीला वीजच मिळाली नाही तर स्क्रीनवर “सिग्नल नाही” येणारच, आणि दोष बिचाऱ्या केबलच्या माथी. सॉकेटच्या जागी मध्ये भोक असलेली साधी प्लेट लावा आणि केबल थेट बाहेर घ्या. वाटेत जुना स्प्लिटर किंवा बूस्टर असेल तर तोही काढा. त्यावर ५-१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तर डिशच्या दृष्टीने तो बंद दरवाजाच.

टोकं नव्याने करा. जुन्या टोकाची १५-२० सेंटिमीटर केबल कापून फेका, आतली तार चकचकीत तांबूस दिसेपर्यंत. नवा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला बसणारा आट्यांचा धातूचा जोड) लावायचा तो असा :

बाहेरचं आवरण टोकापासून १३ मिलिमीटर सोला. जाळी मागे आवरणावर उलटी दुमडा, पण फोमला चिकटलेलं फॉइल राहू द्या. मग पुढचा साडेसहा मिलिमीटर फोम काढून तार उघडी करा. इथे ब्लेड जोरात फिरवलं तर तांब्याचा मुलामा खरवडला जातो, आतलं पोलाद उघडं पडतं आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. त्यामुळे फोम कापताना ब्लेड तारेपर्यंत न्यायचंच नाही, अर्धवट कापून बोटाने पिळून ओढायचा. कनेक्टर इतका आत ढकला की पांढरा फोम आतल्या तळाशी समतल दिसेल आणि तार कनेक्टरच्या कडेपुढे दीड ते तीन मिलिमीटर येईल. जाळीचा एकही केस तारेला टेकलेला नको, उजेडाकडे धरून बघा.

कनेक्टर केबलच्या मापाचाच घ्या. आरजी-६चा कनेक्टर आरजी-५९वर ढिला बसतो, मग इन्सुलेशन टेपचे दोन वेढे देऊन तो घट्ट केला जातो. हे आपल्याकडे सर्रास चालतं. टेप जाळी आणि कनेक्टर यांच्या मध्ये येतो, संपर्क तुटत-जुळत राहतो आणि पंखा लावला की चित्र फुटतं अशा अजब तक्रारी सुरू होतात. पिळून बसवायचे कनेक्टर घरात चालून जातील, गच्चीवर मात्र दाबयंत्राने बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टरच हवा.

गच्चीवरून डक्टपर्यंत नवी आरजी-६ आणा आणि भिंतीतल्या केबलला डक्टमध्येच धातूच्या दोन्ही बाजूंनी आटे असलेल्या जॉइंटरने जोडा. जॉइंटर ३ गिगाहर्ट्झचा मागा. त्याच्या आतलं प्लॅस्टिक बहुधा निळं असतं. तारा एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे.

शेवटची चाचणी भाराखाली. डिशकडच्या टोकाला एलएनबीऐवजी तार आणि जाळी यांत १०० ओहम, ५ वॉटचा रोध जोडा, बॉक्स चालू करा आणि रोधाच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. बॉक्स १८ व्होल्ट देत असेल तर रोधातून १८० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, म्हणजे एलएनबी घेते साधारण तेवढाच. १७च्या वर मिळाले तर निश्चिंत राहा. रोध चांगलाच तापतो, हातात धरू नका. बिनभाराचं मोजून काही कळत नाही, कारण गंजलेला जोडही मीटरला पूर्ण १८ दाखवतो.

आणि केबल नापास झाली तर? टोक धरून ओढून पाहा. पाच-दहा सेंटिमीटर हलली तर ती पाइपातून गेली आहे, आणि मग जुन्या केबलचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे नवीला आत ओढणारी दोरी. दोन्हींची आवरणं १५ सेंटिमीटर सोला, जाळ्या आणि तारा एकमेकींत आकडा करून अडकवा, टेप असा गुंडाळा की जोड पुढे निमुळता होईल, आणि वर टाल्कम पावडर चोळा. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, झटके द्यायचे नाहीत. न बांधता जुनी आधीच ओढून काढलीत तर मग वायरमनची स्प्रिंग शोधत फिरा. केबल अजिबात हलली नाही तर ती पाइपाशिवाय प्लॅस्टरमध्ये गाडलेली आहे. तेव्हा स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी हाच मार्ग.

प्रश्न : जुन्याच केबलवर डिश लावली. काही चॅनल स्वच्छ दिसतात, काही अजिबात नाहीत. सिग्नलची ताकद मात्र ८० टक्के दाखवते. (नाशिक रोड)

उत्तर : ताकदीचा आकडा विसरा, गुणवत्तेचा पट्टा बघा. ताकद म्हणजे नुसता गोंगाटसुद्धा असू शकतो.

कोणती चॅनल जातात याची यादी करा. बॉक्सच्या माहितीच्या पानावर प्रत्येक चॅनलची वारंवारता आणि एच (आडवं) किंवा व्ही (उभं) असं लहरींचं ध्रुवीकरण दिसतं, काही बॉक्समध्ये ते सेटिंगच्या आत दडलेलं असतं. गेलेली सगळी एच असतील तर एलएनबीपर्यंत १८ व्होल्ट पोचत नाहीत. १३ व्होल्टला एलएनबी उभं ध्रुवीकरण घेते, १८ला आडवं. मधली सीमा १५च्या आसपास असते. वाटेतल्या गंजलेल्या जोडाने तीन-चार व्होल्ट खाल्ले की एलएनबी १८लाही १३च समजते आणि आडवी चॅनल गुल. वर दिलेली १०० ओहमची चाचणी करा, जोड सापडेल. केबल चांगली निघाली तर मात्र बॉक्सच्या अडॅप्टरवर संशय घ्या.

एच आणि व्ही दोन्हींतली मोजकीच जात असतील, आणि त्यांची वारंवारता जवळजवळची असेल, तर एक बेरीज-वजाबाकी करा. युनिव्हर्सल एलएनबी खालच्या पट्ट्यात आलेल्या वारंवारतेतून ९७५० वजा करते. म्हणजे ११,०९० मेगाहर्ट्झचा सिग्नल केबलमधून १३४० वर येतो आणि ११,६००चा १८५० वर. या १८५०च्या अंगणात मोबाइल टॉवर बसलेला आहे, कारण मोबाइलचा १८०० बँड टॉवरकडून फोनकडे १८०५ ते १८८० वापरतो. जुन्या स्वस्त केबलची जाळी विरळ असते, अर्ध्याहून थोडी जास्त जागा झाकणारी, आणि काहींत फॉइलच नसतं. टॉवर समोर असेल तर तो थेट केबलमध्ये शिरतो. सगळी केबल बदलण्याआधी टोकं नवी करून पाहा, कारण जास्तीत जास्त गळती तिथूनच होते. तरी राहिलं तर टॉवरकडे तोंड असलेला बाहेरचा भाग तरी फॉइल आणि दाट जाळी असलेल्या आरजी-६ने बदला. वायफायला दोष देऊ नका, २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्याच्या बाहेर आहे.

प्रश्न : पूर्वी केबलवाल्याची एक लाइन माळ्यावर येऊन स्प्लिटरमधून हॉल आणि बेडरूमला जायची. आता एका डिशवर दोन बॉक्स चालवायचे आहेत. स्प्लिटर तोच ठेवू का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. नवा, २४०० मेगाहर्ट्झचा, डीसी पास (बॉक्सची वीज एलएनबीकडे जाऊ देणारा) स्प्लिटर आणलात तरीही नाही. हॉलचा बॉक्स १३ व्होल्ट मागतोय आणि बेडरूमचा १८, तर एलएनबी एकच, ती १८ ऐकते. बेडरूममध्ये कुणी चॅनल बदलला की हॉलमधली मालिका बंद.

दोन आउटपुटची ट्विन एलएनबी लावा. तिच्या दोन्ही बाजू स्वतंत्र चालतात. डिशपासून माळ्यापर्यंत दोन केबली लागतील, एक जुनी ठेवून दुसरी नवी घातली तरी चालेल. स्प्लिटर काढून टाका आणि एकेक केबल जॉइंटरने एकेका खोलीच्या जुन्या केबलला सरळ जोडा. खोल्यांतल्या केबली तशाच राहतात, फोडाफोड नाही. कोणत्या खोलीची कोणती, हे टोकाला रंगीत टेप लावून ठेवा.

ट्विन एलएनबी घेताना तिच्यावर ९.७५ आणि १०.६ गिगाहर्ट्झ हे आकडे आहेत का आणि तुमच्या जुन्या एलएनबीवरचे त्याच्याशी जुळतात का पाहा. मानही डिशच्या पकडीत बसायला हवी. बाजारातल्या बहुतेक युनिव्हर्सल एलएनबींची मान ४० मिलिमीटर असते, पण काही कंपन्यांची एलएनबी दांड्याला वेगळ्याच पद्धतीने अडकते.

प्रश्न : घराभोवती माड आहेत. डिश मोकळ्या शेतात लावायची तर घरापासून ७० मीटर केबल लागेल. जुनी केबलवाल्याची आरजी-५९ तेवढी शिल्लक आहे. डीडी फ्री डिश लावायची आहे. (मालवण)

उत्तर : आधी केबलचा हिशोब. ७० मीटर आरजी-५९मध्ये वरच्या टोकाला २८-२९ डेसिबल जातात आणि तिचा रोध १३-१४ ओहम होतो. एलएनबी १५० मिलिअँपिअर घेत असेल तर दोन व्होल्ट वाटेतच संपले, १८चे १६ राहिले. जोड एकही नसेल तर कदाचित चालेल, पण काठावर. जुन्या केबलला एवढ्या लांबीत एकही जोड नसणं अवघड. एवढं अंतर जायचंच असेल तर आरजी-११ घ्या. बोटाएवढी जाड, १० मिलिमीटरची, २१५०ला १०० मीटरमध्ये २२ डेसिबल. तिला कनेक्टरही वेगळे लागतात. लाइन ॲम्प्लिफायर लावायचा तर तो डिशजवळ, घराजवळ नव्हे. घरापर्यंत येईस्तोवर अशक्त झालेल्या सिग्नलबरोबर तो गोंगाटही तेवढाच वाढवतो.

पण ७० मीटर जायची गरज आहे का, हा खरा प्रश्न. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. मालवणहून तो आग्नेयेला, होकायंत्रावर १२७ अंशांच्या आसपास दिसतो, आणि क्षितिजापासून तब्बल ६० अंश वर. एवढ्या उंचावर पाहणाऱ्या डिशला २० मीटर उंच माड साडेअकरा मीटर दूर असला तरी आड येत नाही. झाडाची उंची भागिले १.७३ म्हणजे लागणारं अंतर, त्यात झावळ्यांच्या पसाऱ्यासाठी चार मीटर मिळवा. मोजायचे माड फक्त आग्नेयेकडचे, बाकीचे कितीही दाट असोत.

लोकांची गफलत होते ती डिशच्या आकारामुळे. आपल्याकडच्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, एलएनबी मध्यावर नसून खाली असते. त्यामुळे ती प्रत्यक्षात जिथे पाहते त्याच्या वीस-पंचवीस अंश खाली पाहतेय असं वाटतं. डिशचं तोंड माडाच्या शेंड्याकडे दिसलं तरी नजर त्याच्या बरीच वर असते. दुपारी घराच्या वायव्य कोपऱ्यात किंवा कौलांच्या वायव्येच्या बाजूला एकदा उभे राहून आग्नेयेला ६० अंशात आकाश मोकळं आहे का पाहा. शाळेतल्या कोनमापकाला दोरा आणि खिळा बांधलात तरी पुरे. बहुधा १५-२० मीटर केबलमध्ये काम होईल, आणि तेवढ्याला तुमची आरजी-५९ नवीन टोकं करून मजेत चालेल.

प्रश्न : पाऊस आला की चित्र जातं. केबल जुनी आहे म्हणून की पावसामुळेच? (रत्नागिरी)

उत्तर : चित्र कधी परत येतं त्यावरून कळेल. मुसळधार सर असताना जातं आणि सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत येतं, तर तो आकाशातला पाऊस. १०-१२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाचे थेंब शोषतात, त्याला केबल काही करू शकत नाही. डिश नेमकी लावून घेतली तर तेवढीच जास्त तग धरते. पाऊस थांबून दोन तास झाले, उन्हं आली आणि तरी चित्र नाही, किंवा रिमझिमीतही जातं, तर पाणी केबलमध्ये शिरलंय.

एलएनबीजवळचा कनेक्टर काढा. जाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम गंजलंय, तारेवर हिरवट दिसलं तर तांबं. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने दोन्ही लवकर होतं. जाळी केशवाहिनीसारखं पाणी आत ओढते, म्हणून पाच सेंटिमीटर कापून भागत नाही. जाळी चमकदार आणि फोम पांढराशुभ्र, कोरडा दिसेपर्यंत कापत जा. मीटरभर कापूनही काळंच निघालं तर बाहेरचा तो सगळा तुकडा बदला. आत पाणी प्यालेली केबल वाळवून पुन्हा चालत नाही.

नवं टोक केल्यावर त्यावर स्वतःला चिकटणारा काळा रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे वेढ्यांच्या कडा कौलांसारख्या खाली येतात. साधा इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटतो आणि उलट पाणी धरून ठेवतो. एलएनबीतून उतरणारी केबल दांड्याखाली वाटीसारखी लोंबकळू द्या आणि भिंतीत शिरण्याआधी पुन्हा एकदा. थेंब तिथून गळून पडतात. वळण सात सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा अरुंद नको. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं असावं, आणि त्यात पुट्टी नको, सिलिकॉन.

प्रश्न : सीसीटीव्हीची थ्री प्लस वन केबल उरली आहे. डिशला चालेल? (नागपूर)

उत्तर : टीव्हीच्या मागचा पाच-सहा मीटरचा तुकडा म्हणून चालून जाईल. गच्चीवर नको. तिच्यातली कोॲक्स (मधली तार आणि भोवती जाळी असलेली केबल) फार बारीक असते, जाळी विरळ, आणि ती कॅमेऱ्याच्या काही मेगाहर्ट्झसाठी केलेली असते. वीजपुरवठ्याच्या बाकीच्या तारा एलएनबीच्या कामाच्या नाहीत. एफ कनेक्टर तिच्यावर नीट बसतच नाही, हा खरा ताप.

प्रश्न : वडिलांच्या वेळच्या दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी पट्टीची वायर गच्चीपासून हॉलपर्यंत अजून शाबूत आहे. (सातारा)

उत्तर : ती ३०० ओहमची, डिशला ७५ ओहमची कोॲक्स लागते. शिवाय पट्टीला जाळी नाही, ती मोबाइल टॉवरसकट सगळं गोळा करेल. जोडू नका. पण ती पाइपातून गेली असेल तर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे नवी केबल ओढायला वापरा. पट्टी मऊ असते, फार ताण दिला तर तुटते. म्हणून आधी तिने नायलॉनची दोरी ओढून घ्या आणि दोरीने केबल.

प्रश्न : बॉक्सच्या मागे केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. जुन्या केबलमध्ये करंट उतरतोय का? (ठाणे)

उत्तर : बहुधा केबलचा दोष नाही. टीव्ही आणि बॉक्सचे दोन पिनांचे अडॅप्टर आतल्या लहान कपॅसिटरमुळे धातूच्या भागावर थोडासा विद्युतदाब सोडतात. मल्टीमीटरला तो अर्थिंगच्या तुलनेत ९०-११० व्होल्टसुद्धा दिसतो, पण प्रवाह अगदी किरकोळ असतो. खात्री करायची तर टीव्ही, बॉक्स, साउंडबार सगळ्यांचे प्लग काढा, केबल सगळीकडून सोडवा आणि तिची जाळी व अर्थिंगची पिन यांच्यात एसी व्होल्ट मोजा. शून्य आलं तर दाब तुमच्याच उपकरणांतून येत होता. एकेक प्लग लावत गेलात की कोणाचा ते कळेल. सगळं सोडवूनही आकडा राहिला, तर ती केबल भिंतीत कुठेतरी विजेच्या वायरला लागली आहे किंवा दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या घरात अजून जोडलेली आहे. तेव्हा तिला हात न लावता वायरमनला बोलवा आणि तो येईपर्यंत त्या खोलीचा एमसीबी खाली ठेवा.

डिशचा खांब आणि केबलची जाळी इमारतीच्या अर्थिंगला जोडून घेतलीत तर झिणझिण्याही जातात. केबल घरात शिरते तिथे अर्थिंगच्या स्क्रूचा जॉइंटर लावायचा आणि त्यातून ४ चौरस मिलिमीटरची हिरवी वायर अर्थिंगपर्यंत न्यायची. नळाच्या पाइपाला बांधू नका, आता बहुतेक पाइप प्लॅस्टिकचे आहेत. आणि केबल काढता-लावताना बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. स्टँडबायवरही काही बॉक्स १३ व्होल्ट सोडतच राहतात, तार कडेला टेकली की शॉर्ट होतं.